तहाला बसतं कोण? युद्ध, शांतता आणि बाईपण-पुरुषपण

ओसरी (मूळ धागा)

सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध १९९१ ते २००२ असं अकरा वर्षं चाललं. ते संपताना लढणाऱ्यांकडून शस्त्रं गोळा करायची आणि त्यांना पैसे, प्रशिक्षण देऊन परत गावात वसवायचं, असा मोठा कार्यक्रम राबवला गेला. सुमारे ७२ हजार जणांनी शस्त्रं ठेवली. त्यात स्त्रिया होत्या ५ हजारांच्या आत.

इतक्या कमी का? कार्यक्रमात नाव घालायचं तर बंदूक जमा करावी लागे. बऱ्याच ठिकाणी ती खोलून परत जोडून दाखवावी लागे, म्हणजे तुम्ही खरोखर लढणारे आहात हे सिद्ध होई. आता या सैन्यांमधल्या मुली काय करत होत्या ते बघा. कित्येकींना पळवून नेलेलं होतं. त्या स्वयंपाक करत, डोक्यावरून दारूगोळा वाहत, जखमींची शुश्रूषा करत, हेरगिरी करत. कमांडरची 'बायको' म्हणून त्यांच्यावर वर्षानुवर्षं बलात्कार होत, आणि वेळ आली की त्या लढतही. शेवटी शेवटी काहींच्या हातातली बंदूक कमांडरने काढून घेतली आणि आपल्या मर्जीतल्या माणसाला दिली, म्हणजे पैसे त्याला मिळतील. अशा कहाण्या संशोधकांनी नोंदवून ठेवल्या आहेत. बंदूक नाही म्हणजे सैनिक नाही, आणि सैनिक नाही म्हणजे मदत नाही. त्या मुली पोरं काखोटीला मारून कुठल्याही यादीत नाव न येता निघून गेल्या.

हे वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. नियम करणारे लोक दुष्ट नव्हते. 'सैनिक' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जो माणूस उभा राहिला तो बंदूक घेतलेला पुरुष होता, एवढंच. पण त्या एका चित्रामुळे हजारो मुलींच्या आयुष्याचा निकाल लागला.

आपण 'युद्ध आणि स्त्रिया' म्हटलं की अत्याचारांबद्दल बोलतो आणि थांबतो. मला त्याच्या अलीकडचं बोलायचं आहे. पुरुष कसा असावा, बाई कशी असावी, याबद्दलच्या समाजाच्या अपेक्षा युद्धाला इंधन पुरवतात का? आणि तह करताना त्याच अपेक्षा परत कागदावर उतरतात का?

इंधनाबद्दल दोन उदाहरणं. दक्षिण सुदानमध्ये डिंका, नुएर या जमातींत लग्न ठरतं तेव्हा नवऱ्यामुलाकडून मुलीच्या घरी गुरं जातात. गुरं नसलेला तरुण लग्न करू शकत नाही, आणि लग्न न झालेल्याला पूर्ण पुरुष म्हणून मान नाही. मग शेजारच्या जमातीची गुरं पळवणं हा मोठं होण्याचा मार्ग ठरतो. पूर्वी हे भाल्यांनी चाले, नंतर हाती कलाश्निकोव्ह बंदुका आल्या. गुरं आणणाऱ्यांची गाणी बायका गातात आणि न जाणाऱ्याला त्याच गाण्यांतून भित्रा ठरवतात. कितीही करार करा, त्या पोराचा 'मी लग्न कसं करू' हा प्रश्न तसाच उरतो.

दुसरं पार वेगळ्या समाजातलं. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडच्या फोकस्टन गावात चार्ल्स पेनरोज फिट्झजेराल्ड या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तीसेक बायका जमवल्या. गणवेशात नसलेला तरुण दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस द्यायचं, हे काम त्यांना दिलं. पांढरं पीस म्हणजे भ्याडपणाची खूण. ही मोहीम देशभर पसरली. सक्तीची भरती १९१६ साली आली, त्याआधीच लाजेने भरती सुरू झाली होती.

आणि तहाबद्दल एकच आकडा देतो. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि सह्या करणाऱ्यांत ६ टक्के होत्या. सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ एकमताने मंजूर झाला तो ३१ ऑक्टोबर २००० रोजी. शांततेच्या बोलण्यांत स्त्रियांना सहभाग मिळालाच पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मी या विषयाचा तज्ज्ञ नाही, पण गेली दोन वर्षं मिळेल ते वाचतो आहे.

रानवारा

विषय काढल्याबद्दल आभार. एक भीती आधीच बोलून दाखवते. असल्या चर्चा लवकरच 'बायका स्वभावतः शांतताप्रिय असतात, त्यांच्या हाती कारभार द्या' या वळणावर जातात. मला ते अजिबात पटत नाही. तुमच्या पांढऱ्या पिसाच्या उदाहरणातच त्याचं उत्तर आहे, पीस वाटणाऱ्या बायकाच होत्या.

रवांडाचं बघा. १९९४ च्या नरसंहाराच्या वेळी पोलिन न्यिरामासुहुको तिथल्या मंत्री होत्या. खातं होतं कुटुंबकल्याण आणि स्त्रियांची उन्नती. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जून २०११ मध्ये त्यांना नरसंहाराबद्दल दोषी ठरवलं, आणि बलात्काराच्या गुन्ह्याबद्दलही. असल्या न्यायालयात नरसंहारासाठी दोषी ठरलेल्या त्या पहिल्या स्त्री. श्रीलंकेत तमिळ वाघांच्या आत्मघाती पथकांत बायका होत्या, नेपाळच्या माओवादी सैन्यात पाचातली एक बाई होती.

स्त्रियांना बोलण्यांत जागा हवी ती त्या या समाजातली निम्मी माणसं आहेत म्हणून. 'चांगल्या वागतील' या अटीवर मिळालेली जागा एखादी चुकली की काढूनही घेतली जाते.

ओसरी

पूर्ण सहमत. मूळ धाग्यात हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

निवृत्त_सुभेदार

मी सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढली. दुसऱ्या बाजूने दोन शब्द लिहितो, गैरसमज नसावा.

जुलै १९९५, बोस्नियातलं स्रेब्रेनिका. संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलेलं गाव. सर्ब फौजा आत आल्या, जवळच्या पोटोचारी इथे जमलेल्या मुसलमान लोकांना वेगळं केलं. बायका आणि लहान मुलं बसमध्ये. पुरुष आणि वयात आलेली पोरं दुसरीकडे. त्या काही दिवसांत ८ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. 'लढाऊ वय' हा एकच निकष होता. त्यातल्या किती जणांनी आयुष्यात कधी बंदूक धरली होती, हे कुणीही विचारलं नाही. पुरुष आहे म्हणजे शत्रूचा सैनिक आहे, संपला विषय.

ओसरी म्हणतात तेच इथे उलट्या बाजूने दिसतं. सिएरा लिओनमध्ये बाई सैनिक असूनही सैनिक धरली नाही. स्रेब्रेनिकात पुरुष सैनिक नसूनही सैनिक धरला. चूक एकच आहे.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यात कुणी बोलत नाही. कैदेत पुरुषांवरही लैंगिक अत्याचार होतात. बोस्नियातल्या छावण्यांत झाले, न्यायालयात ते सिद्ध झाले आहेत. सुरक्षा परिषदेच्या ठरावात पुरुष आणि मुलगेही याला बळी पडतात हा उल्लेख यायला २०१३ उजाडलं. सोसलेला माणूस डॉक्टरलाही सांगत नाही, कारण सांगितलं की तो 'पुरुष' राहत नाही. मग तो ते दुःख घरात काढतो, दारूत काढतो, बायकोवर काढतो. मी अशी माणसं जवळून पाहिली आहेत. कारण वेगळं होतं, लढाईतलं होतं, पण गप्प राहणं तेच. रडलास तर कच्चा ठरशील हे पोराला पाचव्या वर्षी शिकवतो आपण, आणि पंचविसाव्या वर्षी तो आतून फुटला की आपल्याला नवल वाटतं.

सांजवात

सुभेदारसाहेब, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून लिहिलंत.

मी फाळणीबद्दल लिहिते, कारण 'अब्रू' हा शब्द अजून कुणी काढला नाही आणि तो काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९४७ मध्ये दोन्ही बाजूंनी हजारो बायका पळवल्या गेल्या. सरकारी अंदाज असा, की सुमारे ५० हजार मुसलमान बायका भारतात राहिल्या आणि सुमारे ३३ हजार हिंदू-शीख बायका पाकिस्तानात. त्याच्या आधीच, मार्चमध्ये, रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावात नव्वदच्या आसपास शीख बायकांनी विहिरीत उड्या टाकल्या. त्यांना हुतात्मा म्हणतात. पण त्यातल्या किती जणींना आपण जगावं असं वाटत होतं, हे विचारायला कुणी उरलं नाही.

हिंसा थांबल्यावर दोन्ही सरकारांनी ठरवलं की या बायका 'परत' करायच्या. भारतात १९४९ मध्ये त्यासाठी कायदा झाला. त्यातली व्याख्या वाचाच. पळवलेली व्यक्ती म्हणजे कोण? सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा *कोणत्याही वयाची* स्त्री, जी १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटून दुसऱ्या कुणाच्या घरी आढळली. म्हणजे मुलगा सोळाव्या वर्षी स्वतःचा मालक होतो. बाई साठीची असली तरी नाही. तिला परत जायचंय की नाही हा प्रश्नच कायद्यात नव्हता. काही बायकांनी तोवर संसार मांडले होते, मुलं झाली होती, त्यांनी पोलिसांचे पाय धरले. काहींना माहेर घरात घेणार नाही याची खात्री होती. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या स्त्रियांनी हे काम वर्षानुवर्षं केलं आणि त्यांनाच आतून त्याचा त्रास झाला. कमलाबेननी ते पुढे लिहूनही ठेवलं. काही वर्षांत सुमारे ३० हजार बायकांची अशी अदलाबदल झाली.

तो दोन देशांमधला शांततेचाच करार होता, हे मला विसरता येत नाही. तुमच्या बायका आम्ही देतो, आमच्या तुम्ही द्या. युद्धात बाई म्हणजे समाजाची अब्रू, म्हणून तिच्यावर हल्ला. शांततेत बाई म्हणजे समाजाची अब्रू, म्हणून तिची परतफेड. दोन्हीत तिला स्वतःचं तोंड नाही.

बांगलादेशात १९७१ नंतर शेख मुजीबांनी अत्याचार झालेल्या स्त्रियांना 'वीरांगना' म्हणून गौरवलं. हेतू चांगला होता. पण गावात तोच शब्द ओळखीची खूण झाला आणि कित्येक घरांनी दारं लावून घेतली. त्यातल्या काहींची स्वातंत्र्यसैनिक म्हणून नोंद व्हायला २०१५ साल उजाडलं. तोवर अनेकजणी वारल्या होत्या.

मधली_सुट्टी

'कोणत्याही वयाची स्त्री'... कायद्याच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं आहे हे माहीत नव्हतं. दिवसभर डोक्यात राहील.

खडूफळा

छान चाललाय धागा. थोडं आशेचंही लिहितो.

लायबेरिया, २००३. चौदा वर्षांत दोन यादवी युद्धं झाली होती. लेमा बोवी आणि सोबतच्या ख्रिस्ती-मुसलमान बायका पांढरे कपडे घालून मन्रोव्हियातल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या. ऊन असो, पाऊस असो. अध्यक्ष चार्ल्स टेलरना त्यांनी बोलण्यांना जायला लावलं. बोलणी घानाच्या आक्रा शहरात होती. आठवड्यांवर आठवडे गेले. पुढारी हॉटेलात राहत होते, तिकडे मन्रोव्हियावर तोफा पडत होत्या. जुलैमध्ये या बायकांनी सभागृहाची दारं अडवली, हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या, तह केल्याशिवाय कुणालाही बाहेर जाऊ देणार नाही म्हणाल्या. पहारेकरी बोवीना अटक करायला आले तेव्हा त्या स्वतःचे कपडे उतरवू लागल्या. त्या भागात आईच्या वयाच्या बाईने रागाने स्वतःला विवस्त्र करणं हा पाहणाऱ्यावर मोठा शाप समजतात. पहारेकरी मागे हटले, आणि मुख्य मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबुबकर यांना बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं लागलं. करार झाला १८ ऑगस्ट २००३ ला.

पुढे २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ अध्यक्ष म्हणून निवडून आल्या. २०११ चं शांततेचं नोबेल या दोघी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना मिळून मिळालं.

तळटीप

खडूफळा सर, गोष्ट सुंदर आहे आणि खरी आहे, पण अर्धी आहे. जूनमध्ये टेलरवरचं आंतरराष्ट्रीय आरोपपत्र उघड झालं होतं, बंडखोर राजधानीच्या दारात होते, शेजारचे देश आणि अमेरिका दोघांचा दबाव होता, आणि टेलर ११ ऑगस्टला पद सोडून गेले होते. हे सगळं नसतं तर नुसत्या दारं अडवण्याने तह झाला असता असं मला वाटत नाही.

दुसरं, अजून कुणी लिहिलं नाही पण लिहिलं जाईलच म्हणून आधी सांगतो. 'स्त्रिया सहभागी असल्या तर करार पंधरा वर्षं टिकण्याची शक्यता ३५ टक्क्यांनी वाढते' हा आकडा सगळीकडे फिरतो. तो १९८९ ते २०११ मधल्या १८२ करारांच्या अभ्यासातला आहे. अभ्यास प्रामाणिक आहे. पण त्यातून कारण सिद्ध होत नाही. ज्या समाजात बोलण्यांना स्त्रिया येऊ शकतात, तो समाज आधीच थोडा मोकळा असेल आणि म्हणून तिथला करार टिकत असेल, असंही असू शकतं.

आणि माझा मुख्य प्रश्न. ज्यांच्याकडे बंदुका आहेत त्यांनी त्या खाली ठेवायच्या असतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना बोलण्यांत बसवून साध्य काय होतं? भावना बाजूला ठेवून कुणी सांगेल का?

खडूफळा

टेलरबद्दलचा मुद्दा मान्य. मी दबावांची यादी द्यायला हवी होती. पण दबाव टेलरवर होता. जुलैमध्ये बोलणी लांबवत होते ते सगळेच गट, आणि त्यांना त्या दारात अडवलं कुणी, हेही नोंदवायला हवं.

ओसरी

तळटीप यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. उत्तर आयर्लंड बघा, जिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट गटांत अनेक दशकं रक्तपात चालला होता.

१९९६ मध्ये तिथे ठरलं की निवडणुकीत पहिले दहा पक्ष बोलण्यांना बसतील. मोनिका मॅकविल्यम्स, पर्ल सेगर आणि इतर काही जणींनी सहा-सात आठवड्यांत एक पक्ष उभा केला, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हीकडच्या बायकांचा. मतं मिळाली जेमतेम १ टक्का, पण दहांत आल्या, दोन जागा मिळाल्या. सभागृहात त्या बोलायला उठल्या की काही पुरुष सदस्य गाईसारखे हंबरत. तरी त्या बसून राहिल्या.

साध्य काय झालं? बंदुकवाल्यांचे प्रश्न होते तुरुंगातले कैदी, शस्त्रं, सीमा, पोलीस. ते महत्त्वाचे होतेच. पण हिंसेत ज्यांची माणसं गेली त्यांच्या हक्कांचं कलम, दोन्ही धर्मांच्या मुलांनी एकत्र शिकण्याचं कलम, मिश्र वस्त्यांचं, नागरी मंचाचं, स्त्रियांच्या राजकीय सहभागाचं, या गोष्टी १० एप्रिल १९९८ च्या करारात आल्या त्यामागे या पक्षाचा मोठा हात होता. पुढच्या महिन्यात सार्वमत झालं आणि ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. करार गोळी झाडणाऱ्यांत होतो, पण त्यावर मत देतात ते गोळी झाडली जाताना खाली वाकलेले लोक. त्यांना त्या कागदात स्वतःचं काही सापडायला हवं.

तळटीप

हे पटलं. निदान बऱ्याच अंशी. पण उलट उदाहरणही आहे. कोलंबियात सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्या हवानातल्या बोलण्यांत २०१४ मध्ये खास लिंगभाव (स्त्री-पुरुषांबद्दलच्या सामाजिक अपेक्षा) उपसमिती नेमली. बळींच्या प्रतिनिधींना बोलावलं, स्त्रियांसाठी जमिनीच्या हक्काची कलमं आली. मग २ ऑक्टोबर २०१६ चं सार्वमत. विरोधकांनी प्रचार केला की हा करार कुटुंबसंस्था मोडणार आहे. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने 'नाही' जिंकलं. कारणं इतरही होती, बंडखोरांना माफी हे मोठं होतं. पण नोव्हेंबरमध्ये जो सुधारित करार झाला त्यात लिंगभावाची भाषा मवाळ करावी लागली. रूढींना हात लावला की लोक बिथरतात आणि त्यात तहच धोक्यात येतो. आधी तोफा थांबवा, समाज नंतर बदला, असं कुणी म्हटलं तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

सांजवात

मूर्ख नाही म्हणणार. पण 'नंतर' कधी येतं ते दाखवा. फेब्रुवारी २०२० चा अमेरिका-तालिबान दोहा करार 'आधी तोफा' याच विचाराचा होता. स्त्रियांच्या हक्कांबद्दल त्यात काही नाही. तो प्रश्न अफगाण लोकांनी आपसात नंतर सोडवावा, असं ठरलं. सप्टेंबरमध्ये आपसातली बोलणी सुरू झाली. सरकारी बाजूच्या २१ जणांत ४ स्त्रिया, तालिबानच्या बाजूला एकही नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं. तालिबानने बंद केलेल्या मुलींच्या शाळेचं 'नंतर' अजून आलेलं नाही.

तळटीप

याला माझ्याकडे उत्तर नाही.

रानवारा

खडूफळा सरांच्या लायबेरियावरून मला २००४ चं इम्फाळ आठवलं. असम रायफल्सने घरातून उचलून नेलेल्या थांगजम मनोरमाच्या मृत्यूनंतर १५ जुलैला बारा मणिपुरी स्त्रियांनी कांगला किल्ल्यासमोर, असम रायफल्सच्या मुख्यालयाच्या दारात, विवस्त्र होऊन निदर्शनं केली. त्यांना 'इमा' म्हणजे आई म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो किल्ला राज्याकडे सोपवला गेला.

दोन्हीकडे बायकांनी मातृत्वाचाच आधार घेतला. आईला कुणी गोळी घालणार नाही, आईचा शाप लागतो, आईचं ऐकावं लागतं. रूढीच शस्त्र म्हणून वापरली. त्यांना सलाम आहे माझा. पण प्रश्न पडतो की यातून बाहेर कसं पडायचं? आई म्हणून आत आलेलीला आई म्हणूनच परत पाठवतात.

नागालँडमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. नागा मदर्स असोसिएशन १९८४ ची. 'आता आणखी रक्त सांडू नका' ही मोहीम त्यांनी १९९४ मध्ये सुरू केली. एकमेकांचे जीव घेणाऱ्या भूमिगत गटांच्या छावण्यांपर्यंत या बायका पायी गेल्या, सरकारशी बोलल्या. सगळ्या बाजूंनी त्यांना मान दिला. मग त्याच समाजात नगरपालिकांत स्त्रियांना ३३ टक्के जागा द्यायचा प्रश्न आला. २०१७ च्या सुरुवातीला त्याविरुद्ध मोठं आंदोलन पेटलं, ते परंपरेत बसत नाही म्हणून. कोहिमात सरकारी इमारती जाळल्या, गोळीबारात तरुण गेले, मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. राज्य १९६३ चं, विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया निवडून आल्या त्या २०२३ मध्ये. आणि त्या राखीव जागांसह नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या जून २०२४ मध्ये.

जंगलात जाऊन बंदुकवाल्यांशी बोलायला बाई चालली. नगरपालिकेत गटारावर मत द्यायला चालेना.

दीर्घ_श्वास

बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहिते. मी काही वर्षं निर्वासितांच्या छावणीत नोंदणीचं काम केलं आहे. कुठे ते लिहीत नाही. आमच्या अर्जात पहिला रकाना होता कुटुंबप्रमुखाचं नाव. नवरा बेपत्ता असला तरी बायका त्याचंच नाव सांगत, कारण स्वतःचं सांगणं म्हणजे तो मेला असं कबूल करणं. आणि त्याच्या नावाचं कार्ड निघालं की धान्य घ्यायला दीर जाई. त्यातलं तिच्यापर्यंत किती पोचे ते मी पाहिलेलं आहे. आम्ही मग रकाना बदलून 'धान्य कोण नेणार' असं विचारायला लागलो. इतकी साधी गोष्ट, पण सुचायला आठ महिने गेले.

नेपाळबद्दल थोडं. दहा वर्षांचं युद्ध २००६ च्या नोव्हेंबरात संपलं. संयुक्त राष्ट्रांनी १९,६०२ माओवादी लढवय्ये पडताळले, त्यात ३,८४६ स्त्रिया. या मुलींनी बंदूक धरली होती, पलटणी चालवल्या होत्या. पक्षाने जातीबाहेरची लग्नं लावून दिली होती. मग छावण्यांत पाच-सहा वर्षं वाट पाहण्यात गेली, त्या काळात मुलं झाली. शेवटी सैन्यात घेतले गेले सुमारे १,४०० जण. बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठलं. स्त्रियांपुढे प्रश्न असा की कडेवर मूल असताना सैन्याच्या भरतीला उभं कसं राहायचं? घरी गेलं तर सासर वेगळ्या जातीचं, ते घेईना. माहेरी गेलं तर रानात पुरुषांबरोबर राहिलेली म्हणून कुजबुज. पुरुष लढवय्या घरी गेला तर निदान शूर ठरतो. हिने केलेलं तेच शौर्य तिचा कलंक झालं.

आणि ज्यांना 'अयोग्य' म्हणून काढलं ते ४ हजार जण वेगळेच. त्यात जवळजवळ तीन हजार भरतीच्या वेळी अल्पवयीन होते. त्यांच्या कागदावर 'अयोग्य' हाच शब्द होता, आणि तो घेऊन मुलींनी गावात शिरायचं होतं.

मधली_सुट्टी

दीर्घ_श्वास, लिहित्या झालात याचा फार आनंद झाला. कृपया अजून लिहा.

सांजवात

तळटीप यांनी मघाशी विचारलेल्या 'साध्य काय होतं' याला आणखी एक उत्तर आहे, न्यायालयातलं. रवांडाच्या न्यायाधिकरणात झाँ-पॉल अकायेसू या नगरप्रमुखावरचा खटला. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. साक्ष देता देता एका स्त्रीने आपल्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख केला. खंडपीठावर नवी पिल्लै होत्या, त्या काळी तिथल्या एकमेव स्त्री न्यायाधीश. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. मग दुसरी साक्षीदार बोलली. जून १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला की बलात्कार हे नरसंहाराचं साधन असू शकतं. जगात पहिल्यांदा. त्या बायका तोवर बोलल्या नव्हत्या असं नाही. कुणी विचारलं नव्हतं.

निवृत्त_सुभेदार

वरचं वाचून एक भर. २००७ मध्ये भारताने लायबेरियात शांतिसेनेसाठी स्त्री पोलिसांची पूर्ण तुकडी पाठवली, शंभरावर जणी. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत अशी ती पहिलीच. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. गणवेशातली, शस्त्र घेतलेली आणि तरीही न घाबरवणारी बाई लोकांनी रस्त्यावर रोज पाहिली.

पण माझं मन पुरुषांपाशीच अडतं. त्यांच्याबरोबर कुणी काम करतंय का? बायकांना जागा दिली आणि पोरांना तेच जुनं शिकवत राहिलो, तर पुढच्या युद्धाला माणसं तयारच आहेत.

ओसरी

सुभेदारसाहेब, बुरुंडीत करतात. तिथे यादवी संपत आली तेव्हा 'अबातांगामुको' नावाचा एक गट सुरू झाला, साधारण 'उजेड पाडणारे' असा अर्थ. हे सगळे पुरुष. गावात लोकांसमोर उभे राहतात आणि स्वतःबद्दल सांगतात की मी बायकोला मारत होतो, पीक विकून पैसे उडवत होतो, आता असं करत नाही, आणि घर कसं बदललं. शेजारी साक्षीला असतात, त्यामुळे खोटं चालत नाही. दुसऱ्याला उपदेश करायचा नाही, फक्त स्वतःचं सांगायचं, अशी रीत आहे. सुरुवातीला या पुरुषांना लोक बायकोने करणी केलेले समजत, काहींची भावकी तुटली. तरी गट वाढला.

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी मूळ धागा परत वाचला. मी सगळं लिहिलं ते 'बायकांना आत घ्या' या दिशेने. गुरं पळवायला निघालेल्या त्या पोराला मी फक्त उदाहरण म्हणून वापरला आणि तिथेच सोडून दिला. लग्नासाठी गुरं लागू नयेत, किंवा निदान थोडी लागावीत, यासाठी वडीलधाऱ्यांनी वधूमूल्यावर मर्यादा घालण्याचे प्रयत्न तिकडे झाले आहेत. ते कितपत टिकले यावर आणि बुरुंडीवर वेगळा धागा काढतो. दीर्घ_श्वास, छावणीतल्या अर्जाबद्दल तुम्हीही सविस्तर लिहाल का? रकाना बदलल्यावर दिरांचं काय म्हणणं होतं, ते वाचायचं आहे.

दीर्घ_श्वास

लिहिते. पहिले दोन आठवडे भांडणं झाली. मग एक म्हातारे दीर स्वतः भावजयीला घेऊन आले आणि म्हणाले, हिचंच नाव घाला, माझ्याच्याने आता पोतं उचलत नाही. बाकीचं रविवारी.